मोजलेला वारा

आमच्या अव्वाच्या मते त्या वर्षी वारा पडला तो माझ्यामुळे. अव्वा म्हणजे आई, गौरम्मा.

मी पुण्यात हवामानाच्या नोकरीत. एक उपग्रह वरून लेसरचा झोत सोडतो, हवेवरून आणि धुळीवरून तो उलटा येतो, आणि त्यावरून साऱ्या पृथ्वीवरचा वारा मोजता येतो. ते आकडे अंदाजात वापरायचे, हे माझं काम. मोठ्या कौतुकाने हे फोनवर सांगितलं आणि पस्तावले. जळकोटजवळच्या आमच्या गावात धान्याची रास मोजताना कुणी बोलत नाही. पहिल्या मापाला 'एक'सुद्धा म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. बरकत जाते म्हणे.

"रास मोजायला आमी भितो," अव्वा कडाडली, "अन् तुमी वाराच मोजायलात? कसा येईल त्यो?"

दुष्काळाने ज्वारी इतकी थोडी झाली होती, की मळणीयंत्रवाला मुखेडहून यायला तयार नव्हता. बैल फिरवून मळलं, पण उफणून भुसा उडवायला वारा हवा आणि पानही हलेना. पुढच्या पेरणीचं बी त्यातच होतं. भिजलं की संपलं.

मी अंदाज पाहिला. "अव्वा, उद्या दुपारी वारा सुटेल, संध्याकाळी पाऊस. खळं सोडू नकोस."

"उद्या उदगीरला जायचं हाय." नव्या जिल्ह्याच्या मागणीची सभा होती. अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, अख्खी गल्ली टेम्पोत भरायचं कबूल केलं होतं.

"जा मग, जिल्हा घेऊनच या!" मी फोन आपटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताजे आकडे पाहिले. वारा सकाळीच येऊन गेला होता. आता पुन्हा सगळं शांत, वर ढग. घरी फोन लावायचा धीर होईना. संध्याकाळी तिचाच आला.

"तुमचा अंदाज चुकला की गं."

"हो अव्वा. बी गेलं का?"

"कशाला जाईल? उफणून, पोत्यात बांधून घरात हाय. हितं पाऊस लागलाय."

"तू उदगीरला गेली नाहीस?"

"तुझे अप्पा गेले, तणतणत. मी सकाळीच खळ्यावर जाऊन बसले, तुझ्या दुपारची वाट बघत. तेवढ्यात वारं आलं."

"पण मी चुकीचं सांगितलं होतं गं." मला रडूच फुटलं.

"रडतीस काय? तू सांगितलंस म्हणून तर खळ्यावर होते. न्हाईतर वारं आलं तवा मी टेम्पोत असते."