मनोऱ्याचे धुतलेले दगड

भूकंपाला सात महिने झाले होते. तालिबाय गावच्या घंटामनोऱ्याचे दगड चर्चसमोरच्या मैदानात ओळीने मांडून ठेवले होते. मनोऱ्याच्या बाहेरच्या अंगाचे एकूण एक हजार एकशे चाळीस. ते सगळे रविवारी फिदेलाने गावातल्या बायकांना हाताशी धरून धुऊन काढले होते.

त्यात खोडसाळपणा काही नव्हता. सान रोके या संताचा सण आठवड्यावर आला होता आणि सणाआधी मनोरा घासायचा ही गावाची रीत. "पडला म्हणून काय पारोसा ठेवायचा?" फिदेला म्हणाली, तेव्हा सात महिने मैदानाकडे पाठ करून बाजाराला जाणाऱ्या बायका बादल्या, लिंबं आणि नारळाचा काथ्या घेऊन आल्या. भूकंपानंतर त्या दिवशी प्रथमच त्या एकमेकींवर पाणी उडवून हसल्या. दगडांवर निळ्या खडूने आकडे होते. मोजदादीचे असतील, मोजून तर झालंय, असं म्हणून त्यांनी तेही घासून टाकले.

ते आकडे मोजदादीचे नव्हते. कुठला दगड कुठल्या बाजूचा, कितव्या थरातला, हे ढिगारा उपसतानाच ताडून त्यांत लिहिलेलं होतं. सोमवारी त्यांच्या जागी पत्र्याच्या पट्ट्या ठोकायच्या होत्या.

"मला खरं तर ओरडायला हवं होतं, नाङ फिदेला," इंजिनीअर राकेल म्हणाली. ती मनिलाहून आलेली, तिशीच्या आतली; वडीलधाऱ्या बाईला नाङ म्हणायची इथली रीत तिने उचलली होती. "पण ओरडून आकडे परत येत नाहीत."

"उभ्या मनोऱ्याचे फोटो असतील ना तुमच्याकडे?"

"आहेत. पण एकेक दगड फोटोशी जुळवायला आम्हा तिघांना दीड वर्ष लागेल. गुरुवारी मनोऱ्याचं ठरवायला समिती येतेय, ती एवढी थांबणार नाही. काँक्रीटचा मनोरा उभा करतील आणि हे दगड समुद्राच्या बांधात भराव म्हणून जातील."

फिदेलाने मान खाली घातली. एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात तिच्या हातून एखादं काम कमी झालं असेल, पण असं जास्त कधी झालं नव्हतं. बाजारात मासेवाल्याने तिला पाहून विचारलं, "खवले मी काढू, नाङ, की तेही तुम्हीच घासून काढणार?" तिने मासे घेतलेच नाहीत.

मंगळवारी सकाळी ती एकटीच मैदानात गेली. दगडांमधून चालता चालता एकापाशी थांबली, वाकली आणि त्यावर तळहात ठेवला. प्रवाळाचा दगड, त्यात अर्धा शिंपला रुतलेला, शेजारी अंगठा बसेल एवढा खळगा. हा समुद्राच्या अंगाचा, खिडकीच्या डावीकडचा. नवव्या वर्षी आईने तिला परांचीवर चढवून हातात काथ्या दिला, तो याच दगडासमोर. मनोऱ्याचे सव्वीस उभे पट्टे होते, सव्वीस घराण्यांनी घासायचे. पट्टा आईकडून लेकीकडे जायचा, लेक नसली तर सुनेकडे. तासाभरात फिदेलाला आपल्या पट्ट्यातले चार दगड सापडले. मग मात्र तिला शंका आली. आपल्याला हवं तेच तर आपण पाहत नाही?

ती थेट राकेलकडे गेली. "आमची परीक्षा घे. फोटो लपवून."

राकेलने तिच्याकडे नीट पाहिलं. "बायका कोणता दगड कुठला ते सांगतील, मी लिहून घेईन. सगळ्यांचं सांगून झाल्यावरच फोटो उघडायचे. चालेल?"

"त्याशिवाय परीक्षा कसली?"

दुपारपर्यंत फिदेला धरून पंचवीस जणी जमल्या. बासिलिसा येतानाच म्हणाली, "खूळ हिच्या डोक्यातलं आणि उन्हात आम्ही." तरी सगळ्यांच्या आधी दगडापाशी बसली तीच. कुणी डोळे मिटून हात फिरवत होती, कुणी दगडाला नावाने हाक मारत होती. तीस दगडांच्या जागा सांगून झाल्या. राकेलने फोटो उघडले. सत्तावीस बरोबर. दोन एका थराने खालीवर. एक साफ चूक.

"हा तुमच्या पट्ट्यातला नाहीच, नाङ बासिलिसा. शेजारच्या पट्ट्यातला आहे."

"माहितीये मला," बासिलिसा म्हणाली. "तिच्याने तो कधी स्वच्छ निघालाच नाही. तीस वर्षं मीच घासतेय." शेजारच्या पट्ट्याची बाई तोंडावर पदर धरल्यासारखा हात धरून उभी राहिली आणि बाकीच्या फिदीफिदी हसत सुटल्या.

राकेल एका दगडावरचे खळगे बोटाने मोजत होती. "लिंबाने हा दगड विरघळतो, कळतंय का तुम्हाला? प्रवाळ म्हणजे चुनाच. हे खळगे वाऱ्यापावसाचे नाहीत, तुमच्या पिढ्यांनी पाडलेत."

"म्हणजे नुकसान केलं?"

"केलंच." तिने बोट शेजारच्या दगडावर नेलं. "पण प्रत्येकीने वेगळं केलं. म्हणून तर ओळखता येतायत."

गुरुवारी समितीचे अध्यक्ष आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग स्वतःच फिरून एक दगड निवडला आणि फिदेलाला विचारलं. तो तिचा नव्हता. तिने कपाळावर हात धरून मैदानाकडे पाहिलं आणि हाक मारली, "क्रिसांता, तुझं माणूस आलंय." क्रिसांता आली, दगड कुशीवर वळवला, जागा सांगितली. अध्यक्षांनी फोटो पाहिला आणि चष्मा पुसला. "दगड जुळवायला तीन महिने देतो," ते म्हणाले. "दगडांचाच मनोरा उभारा."

तीन महिने लागले नाहीत, सात आठवड्यांत दगड ओळखून झाले. राहिले एक्केचाळीस. ते सव्विसाव्या, युलालियाच्या पट्ट्यातले होते. भूकंपाच्या वेळी ती मनोऱ्याच्या पायथ्याशी मेणबत्ती लावत होती, ती ढिगाऱ्याखालीच गेली. तिला लेक नव्हती, सून नव्हती. बायका त्या दगडांना वळसा घालून जायच्या.

"हे मी फोटोंवरून जुळवते," राकेल म्हणाली. "एक्केचाळीसच आहेत."

"जुळव. पण मग घासणार कोण?"

"गावात कुणालाही द्या."

"गावात सगळ्यांना आपापलं आहे." फिदेलाने तिच्या हातातली वही घेतली, युलालियाच्या नावाखालची रिकामी जागा शोधली आणि तिथे राकेलचं नाव लिहिलं.

"नाङ, मी मनिलाला राहते."

"वर्षातून एक दिवस. तेवढी बोट मिळते."

राकेलने नावाकडे पाहिलं, मग दगडांकडे. पहिल्या दगडासमोर ती मांडी घालून बसली, पण फोटो बाहेर काढले नाहीत. आधी तिने त्याच्यावरून दोन्ही हात फिरवून पाहिले, सावकाश, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. फिदेला थोडी बाजूला सरकली, तिला उजेड मिळावा म्हणून.