मागून आलेला फर्मा

"ही वरची बाई खून करून आलेली आहे, लिहून ठेवा!" रेडिओ म्हणाली आणि हातातल्या कागदाची घडी अर्धवट सोडून पुढे वाचू लागली.

बाइंडिंगखान्यात तिला सगळ्या रेडिओच म्हणत. आवाज खणखणीत, आणि बंद करायचं बटण नाही. छापखान्यातून मोठाले कागद येत, एकेकावर सोळा पानं छापलेली. घड्या घातल्या की पानं ओळीने लागत आणि त्याचा एक फर्मा होई. सगळे फर्मे एकावर एक ठेवून शिवले की पुस्तक तयार. सध्या एक जाडजूड कादंबरी चालली होती. नवा फर्मा आला की रेडिओ तो मोठ्याने वाची आणि बाकीच्या कान तिच्याकडे देऊन हात चालवत.

कादंबरीत वरच्या मजल्यावर राहणारी एक भाडेकरीण होती. कुठली, कुणाची कोण, कुणालाच ठाऊक नाही. सुरुवातीला ती नुसती जिन्यावरून जाताना दिसली. मग तिच्या ट्रंकेच्या तळाशी लोकरीचं एवढंसं टोपडं निघालं. मग शेजारी मूल रडायला लागलं आणि ती भरल्या ताटावरून उठून रस्त्यावर चालू लागली.

"मूल गेलं असणार गं हिचं," धाकटी म्हणाली.

धाकटी म्हणजे तिथली सगळ्यांत नवी. घरी सांभाळणारं कुणी नाही, म्हणून ती आपली तान्ही पोर बरोबर घेऊन येई. पोर टेबलाखाली खोक्यात झोपायची. खोक्यात कागदाची मऊ कातरण, वर जुनी चादर. ते खोकं, सगळ्या ज्यांना काकू म्हणत त्यांच्या पायाशी असायचं. काकू हाताने घड्या घालत आणि पायाने खोकं हलवत. आतली कातरण सळसळे आणि पोरीचे डोळे मिटत.

"काकूंचा पाय लागतो महाराणींना. आईची मांडी टोचते," धाकटी तक्रार करी आणि निर्धास्तपणे शिलाईला जाऊन बसे.

काकू फार बोलत नसत. टोपडं निघालं त्या दिवशी मात्र त्यांची घडी तिरकी गेली. त्यांच्या ट्रंकेत टोपडं नव्हतं. निघताना त्यांनी काहीच घेतलं नव्हतं.

पुढे छापखान्यात काहीतरी बिघडलं. एक फर्मा मागे राहिला आणि त्याच्या नंतरचा आधी येऊन पडला.

"तो नको वाचूस. मधला येऊ दे," कुणीतरी म्हणालं.

"क्रम शिवताना लागतो, बाई. ऐकताना कशाला?" म्हणत रेडिओने सुरुवात केलीसुद्धा.

वरच्या मजल्यावरची बाई सांगत होती : मूल झोपलं होतं. मी दाराची कडी आवाज न करता काढली. मागे वळून पाहिलं नाही.

"अगं बाई गं! कैदाशीण!"

"आणि आपण तिच्यासाठी हळहळत होतो!"

धाकटीने वाकून पोर उचलली, छातीशी धरली. "तान्ह्या लेकराला टाकून जाते? असल्या बाईला मी माझ्या पोरीच्या सावलीलासुद्धा उभी करणार नाही." मग तिने हात लांब केले. "काकू, घ्या हो हिला जरा. ढेकर काढा. माझ्या हातांना खळ लागलीय."

काकूंनी पोर खांद्याला लावली. मानेच्या वळीत दुधाचा आंबूस वास होता. त्या पाठ थोपटत राहिल्या, ढेकर येऊन गेली तरी.

राहिलेला फर्मा आला तेव्हा रेडिओचा आवाज पहिल्यांदाच फाटला. नवऱ्याने त्या बाईला बजावलं होतं : तू नाहीशी झालीस तरच पोराला जगू देईन. म्हणून तिने कडी काढली होती. सगळ्या डोळे पुसत होत्या.

"मी उगाच बोलले तिला," धाकटी म्हणाली. "कारण कळल्याशिवाय कुणाला बोलू नये."

काकूंनी ते वाक्य धरून ठेवलं. दुपारी दोघी नळावर हात धूत होत्या.

"मलाही मुलगी होती," काकू म्हणाल्या.

"होती म्हणजे? गेली?"

"नाही. मी गेले."

धाकटीने त्यांचा ओला हात घट्ट धरला. डोळे लगेच भरून आले. "मारायचा तुम्हाला?"

"नाही गं. चांगला होता बिचारा."

"मग सासू?"

"सासू नव्हती."

धाकटी थांबली. पुढचा फर्मा यायची वाट पाहावी तशी. काकूंना दोन वाक्यांत एक राक्षस उभा करता आला असता. पण मागे राहिलेल्या त्या नवऱ्यावर आधीच खूप लादून झालं होतं.

"रडायची," त्या म्हणाल्या. "सारखी रडायची. मी तिला खाली ठेवलं. दूध आणते म्हटलं आणि निघाले. दुकान आलं, मागे गेलं. मी चालतच राहिले."

"आणि... परत?"

"उद्या जाऊ, उद्या जाऊ. मग कुठल्या तोंडाने जायचं?"

"पण का हो, काकू?"

"तेच शोधतेय गं."

नळ वाहत होता. धाकटीने तो बंद केला. "असू दे," ती म्हणाली. हात कधी सुटला ते दोघींनाही कळलं नाही.

धाकटीने कुणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी खोकं टेबलाच्या त्या टोकाला, रेडिओच्या पायाशी होतं.

"तिकडे जरा वारा लागतो," धाकटी मान वर न करता म्हणाली.

"हो. बरं केलंस," काकू म्हणाल्या.

थोड्या वेळाने पोर रडू लागली. रेडिओने खोकं गदगदा हलवलं, गाणं म्हटलं. "नाही बाई! काकूंचा पायच हवा हिला. देऊ का सरकवून तिकडे?"

"राहू दे," धाकटी दोरा ओढत म्हणाली. "रडेल थोडी. होईल सवय."

काकूंनी मागून आलेला फर्मा त्याच्या जागी ठेवला, त्यावर पुढचा. आता वाचणाऱ्याला आधी कारण कळेल, मग कडी निघेल. त्यांनी थप्पी ठोकून सारखी केली आणि नवा कागद पुढ्यात ओढला.

टेबलाखाली त्यांचा पाय उघड्या फरशीवर पुढे जात होता, मागे येत होता. कसलीच सळसळ होत नव्हती.