पात्यावरची तार

“अप्पा, परत रेघ उठलीय बघा.” गणेशनं फळीवरून हात फिरवला.

नागोजींनी रंधा उलटा करून पातं काढलं. “दगड बाद झालाय. मी काय करू?”

दगड चांगला होता, हे दोघांनाही ठाऊक होतं. पातं दगडावर घासलं की धारेच्या पाठीमागं लोखंडाची तार उठते, केसाहून बारीक. डोळ्याला दिसत नाही, अंगठ्याला लागते. ती काढली नाही तर रंधा फिरवताच तुटते, धारेला खाच पडते आणि लाकडावर रेघ उठते. शुगरनं नागोजींचे हात बधिर झाले, तेव्हापासून तार राहून जायची.

घरातल्या लेकींच्या लग्नातले पाट नागोजींच्याच हातचे. आता नातीचं, मीनाक्षीचं लग्न आलं होतं.

“नवनगरला मशीनवर तासून आणतो,” गणेश म्हणाला. “अप्पा, पुरे आता.”

“मग मी काय, नुसत्या अक्षता टाकायला येऊ?”

गोदावरी उंबऱ्याशी वाती वळत होती. “भांडू नका. आणा ते इकडं.” तिनं कापसाचा पुंजका पात्याच्या पाठीवरून धारेकडं ओढला. मधोमध एक पांढरा धागा अडकून राहिला.

“इथं आहे बघा.”

“जन्मभर वाती वळल्यास, आज सुतारीण झालीस होय?”

“एवढी वर्षं कोण होते मग?”

नागोजी हसले. त्यांनी पात्याची पाठ दगडावर फिरवली. कापूस आता अडकेना. मग उरलीसुरली तार झडावी म्हणून सवयीनं त्यांनी पातं डाव्या तळव्यावर घासलं, एकदा असं, एकदा तसं. फळी दाबून धरली आणि रंधा मारला. कांद्याच्या पापुद्र्यासारखी साल अखंड निघाली.

“बघ की गण्या, कुठाय रेघ?”

गणेश रेघ बघत नव्हता. नागोजींच्या डाव्या हाताखाली फळी लाल झाली होती. रक्त लाकडात मुरत चाललं होतं. नागोजींना काहीच कळलं नव्हतं.

“अहो, हात!” गोदावरीनं वातींचा कापूस त्यांच्या तळव्यावर दाबला.

रक्त लागलेला पाट मांडवात चालत नाही. नागोजींनी पातं पुसलं, त्याला तेल लावलं, फडक्यात गुंडाळलं.

“मशीनवर कर,” ते म्हणाले.

लग्नाच्या सकाळी गोदावरी नव्या पाटांभोवती रांगोळी घालत होती. नागोजी तिच्याजवळ वाकले आणि उजवा हात पाटावरून सावकाश फिरवत राहिले.

“गुळगुळीत आहेत काय गं?”

गोदावरीनं हात लावून पाहिला. “आहेत.”

“रेघ?”

“नाही.”

त्यांनी मान हलवली. मीनाक्षी येऊन उभी राहीपर्यंत हात मात्र पाटावरून काढला नाही.