बाळारामदादांच्या होडीतला हिरवा दिवा

मी बोलतोय ते पडवीतल्या एका गोणपाटावरून. माझ्या तारा कापलेल्या आहेत आणि त्यांच्या टोकांना काळी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. समोरून खाडी दिसते, पण होडी दिसत नाही. ती पलीकडे चिखलात ओढून ठेवली आहे.

मी इन्व्हर्टर आहे, चार्जरसकट. घरची वीज आली की मी बॅटऱ्या भरतो, ती गेली की त्याच बॅटऱ्यांतली वीज काढून पंख्याला, दिव्याला देतो. भरणारा मी आणि काढणाराही मीच. माझे भाऊबंद घरोघरी माळ्यावर नाहीतर जिन्याखाली राहतात. मी होडीत राहिलो.

जन्म कारखान्यातला. तिथे एका बाईनं मला तीन वेळा चालू-बंद करून पाहिलं आणि पाठीवर ‘पास’ अशी चिठ्ठी चिकटवली. मग ट्रकमधून पूर्ण्याच्या गोदामात आलो. उंच मांडणीवरून उतरवताना माझ्या खोक्याचा एक कोपरा चेपला. आत मला काही झालं नव्हतं, पण चेपलेलं खोकं गिऱ्हाइकाकडे जात नाही. गोदामातल्या शिफ्टचा सुपरवायझर प्रितेश मला मोटारसायकलवर पुढ्यात धरून घरी घेऊन आला. त्याच्या वडिलांसाठी.

वडील म्हणजे बाळारामदादा. खाडीत बुडी मारून बादलीनं रेती काढण्यात त्यांची उमर गेली. रेती काढायला बंदी आली, सोबतचे कुणी गोदामात वॉचमन झाले, कुणी जमीन विकून बंगले बांधले. दादांनी होडी ठेवली. जाळं टाकायचं, मिळेल ती कोलंबी-चिंबोरी आणायची आणि दुपारी होडीतच ताडपत्रीखाली आडवं व्हायचं. लाकडाची जुनी होडी पाणी पितेच. तळाशी झिरपलेलं पाणी दादा डब्यानं उपसायचे. त्यांचा खांदा दुखायला लागला म्हणून प्रितेशनं एक छोटा पंप बसवला. पाणी वाढलं की तो आपोआप सुरू व्हायचा. त्या पंपाला बॅटऱ्या आणि बॅटऱ्यांना मी. दादांच्या दुपारच्या झोपेसाठी एक पंखाही माझ्यावर लावला. पडवीच्या दाराआडच्या बटणापासून बांबूंवरून एक वायर माझ्यापर्यंत आणली होती, होडी काठाला असली की ती मला जोडलेली असायची.

“होडीला घरची लाईन?” दादा हसले होते. “उद्या हिला नथ पन घालशील.”

त्यांची बायको, जिला सगळं गाव आक्का म्हणतं, ती पायरीवर उभी होती. “घरात पंखा हाय तो गोड लागत न्हाय. ह्यांना होडीत पंखा पायजे.”

“घरातला पंखा वारा देतो, वर तुझा आवाज पन देतो. हितं निस्ता वारा.”

“मंग जेवाया पन तितंच बसा.”

पण डबा तीच आणून द्यायची, रोज.

माझ्या तोंडावर एक हिरवा दिवा आहे. घरची वीज येत असेल, बॅटऱ्या भरत असतील, तर तो स्थिर असतो. वीज गेली आणि मी बॅटऱ्यांतली काढू लागलो, की तोच हिरवा दिवा लुकलुकतो. भरताना हिरवा आणि रिकामं करतानाही हिरवा. मला बनवताना हे कुणी ठरवलं, ठाऊक नाही. त्याच्या घरी कदाचित बारकाईनं बघणारी माणसं असतील. लुकलुकण्यासोबत मी ओरडायचोही, म्हणून एरवी चालून जायचं.

इथे दुपारची वीज जाते. मी ओरडायचो आणि दादांची झोप मोडायची.

“ह्याचा तोंड बंद कर रे, प्रितेश. चिंबोरी चावल्यावानी कोकलतो.”

“बाबा, लाईन गेली ते सांगतो ना तो.”

“मना दिवा दिसतो ना? हिरवा हाय ना? मंग झाला.”

प्रितेशनं चार स्क्रू काढले आणि माझ्या आवाजाची वायर सोडवली. त्या दिवसापासून मी मुका. दादा मात्र खूश होते. होडीत पाय ठेवला की माझ्याकडे बघायचे, “हिरवा हाय,” म्हणायचे आणि पंखा लावायचे. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. ‘जाऊ, जाऊ’ म्हणून ऑपरेशन राहिलं होतं.

वैशाखातली ती दुपार. पाऊस पडलाच नाही, नुसते ढग वाजले. फार पूर्वी वीज पडून आक्काचा टीव्ही जळाला होता. तेव्हापासून ढग वाजला की ती घरभर फिरून बटणं बंद करते. या गावातल्या सगळ्याच बाया करतात. माझी लाईन अशी कितीतरी वेळा गेली आणि ढग थांबल्यावर परत आली. त्या दिवशी आक्काच्या भावाच्या मुलीची हळद होती, दिघाशीला. रिक्षावाला दारात भोंगा वाजवत होता. घरातले दिवे लागले, टीव्हीचा आवाज आला, आक्का गेली. माझी लाईन मात्र आली नाही.

मी वाट पाहिली. मग नाइलाजानं बॅटऱ्यांना हात घातला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा आले. ताडपत्रीच्या फटीतून ऊन नेमकं माझ्या तोंडावर पडलं होतं. मी लुकलुकत होतो. “हिरवा हाय,” म्हणाले आणि पंखा लावून झोपले. तिसऱ्या दिवशीही तसंच. आक्का घरी नव्हती, म्हणून दादा भावाच्या घरी वहिनीकडे जेवून यायचे आणि उशिरापर्यंत झोपायचे. मी त्यांना वारा घालत होतो. त्या वाऱ्यापायी पंपाच्या वाट्याची वीज संपत होती. हे मला कळत होतं आणि तरी मी वारा घालत राहिलो, कारण बटण चालू होतं आणि मी बटणाचं ऐकतो.

त्या संध्याकाळी ते घरी गेल्यावर, बॅटरी अगदी तळाला लागली तेव्हा, मी स्वतःला बंद केलं. बॅटरी मरू नये म्हणून असं करायचं मला शिकवलेलं आहे. माणसाबद्दल काही शिकवलेलं नाही. पंप परस्पर बॅटरीवर चालायचा, तो आणखी थोडा चालला आणि थांबला. पाणी वाढत गेलं, मी उंच फळीवर होतो म्हणून कोरडा राहिलो.

सकाळी दादा आले तेव्हा होडी काठाशी जड होऊन बसली होती आणि भरती चढत होती. त्यांनी कुणाला हाक मारली नाही. गुडघाभर पाण्यात उतरले, जुना डबा शोधला आणि उपसायला लागले. दुखऱ्या खांद्यानं, एका लयीत, जशी कधीकाळी रेती काढत असतील. खूप वेळ. पाणी थोडं उतरलंही. मग ते माझ्यासमोरच्या फळीवर बसले आणि परत उठले नाहीत.

शेजारचा राघो जाळं घेऊन आला, त्यानं पाहिलं. “दादा, ओ दादा” असं दोनदा म्हणाला आणि घराकडे धावत सुटला.

प्रितेश पूर्ण्याहून ड्युटी सोडून आला. वडिलांना होडीतून उचलून किनाऱ्यावर नेत होते. तो एकटा होडीत थांबला. पंप पाहिला, बॅटऱ्या पाहिल्या, माझी वायर हातात धरली आणि तिच्या मागोमाग नजर नेत घराकडे बघत राहिला. मग चालत गेला.

थोड्या वेळानं माझ्यात लाईन आली. तीन दिवसांनी. मी पेटलो, हिरवा, स्थिर. तोवर तो धापा टाकत परत आला आणि कुणी बघण्याआधी त्यानं माझं बटण बंद केलं.

लोकांना त्यानं सांगितलं, “मशीन खराब निघाला.”

मला ते बरं वाटलं. खोटं वाटेल, पण बरं वाटलं. दोष तर माझ्यावर होताच, निदान तो कुणीतरी तोंडानं म्हणालं. आणि हेही कळलं की हा पोरगा आईला वाचवतोय.

मला होडीतून काढून पडवीत आणलं. बारा दिवस माणसं येत होती. आक्का भिंतीला टेकून बसायची, माझ्यापासून हातभर अंतरावर. राघो आला की एकच विचारायची, “काय बोललं काय रे शेवटी? तुला काय ऐकाया आला?”

“न्हाय आक्का. मी आलो तवा शांत व्हते.”

“असं कसा? काय तरी बोललं असतील.”

राघो उठून निघायचा.

दादांची मुलगी दिपाली कामतघरला दिलेली. तिच्या नवऱ्याचे यंत्रमाग आहेत, तिला यंत्रांचं कळतं. तिचं रडून झालं आणि राग सुरू झाला. “चेपलेल्या खोक्यातला माल आनलास. बाबांसाठी. गोदामात चांगला एक पन मिलाला न्हाय तुला?”

प्रितेश म्हणाला, “चुकला माझा.”

“चुकला म्हनून झाला?”

“न्हाय झाला. मंग काय करू, सांग.”

रोज हेच. तो एकदाही दाराआडच्या बटणाकडे बघत नव्हता. बोलताना तिकडे पाठ करून बसायचा. मला भीती वाटायची ती एकाच गोष्टीची, की मला कुणी चालू करून पाहील. कारण मी चांगला होतो. मला खराब होता आलं नाही.

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी दिपालीनं हिरामणला बोलावलं. हिरामण गावातला वायरमन, घरोघरी माझे भाऊबंद तोच बसवतो.

“कशाला आता?” प्रितेश म्हणाला. “भंगारवाल्याला सांगितलाय मी.”

“मना कलला पायजे माझा बाप कशान गेला. भंगार कुटं पलून न्हाय जात.”

हिरामणनं बॅटरी आणली होती. माझ्या तारा जोडल्या, प्लग लावला. प्रितेश उठून उंबऱ्यापाशी उभा राहिला. मी जीव खाऊन अंधारात राहायचा प्रयत्न केला. पण वीज आली की मला पेटावंच लागतं. दिवा लागला, स्थिर. प्लग काढला, लुकलुकलो. परत लावला, बॅटरी भरायला लागलो. पाठीवरच्या चिठ्ठीला साजेसं सगळं.

हिरामणनं मान वर केली आणि प्रितेशकडे पाहिलं. प्रितेशनं काही खूण केली नाही, नुसते डोळे मिटले. हिरामणला दोन पोरं आहेत, म्हातारी आई आहे. त्याला कळलं असावं.

“बोर्ड गेलाय,” तो म्हणाला. “दिवा लागतो, पन आतून गेलाय. कवा चालंल, कवा न्हाय, भरोसा न्हाय.”

त्यानं प्लग काढला, तारा कापल्या आणि टोकांना चिकटपट्टी लावायला घेतली. दिपाली भावाकडे बघत होती.

“हिरामण,” आक्का म्हणाली. “मशीन चांगला हाय.”

हिरामणचा हात चिकटपट्टीवर थांबला.

“बटन मी बंद केला व्हता. ढग वाजत व्हतं. घरातलं लावलं, ह्यो दाराआडचा र्‍हायला. रिक्षावाला बोंबलत व्हता.”

“आये, तू गप बस,” प्रितेश म्हणाला.

“किती दिस गप बसू? मी दिघाशीवरून उतरले तवा तू दाराआड हात घातलेला. बगितला मी. मंग तू मशीनला शिव्या दिल्यास. मना वाटला, पोराला वाटतंय आय वाचंल, तर वाटू दे बिचाऱ्याला.”

प्रितेश उंबऱ्यातच खाली बसला. वडील गेल्यापासून तो रडला नव्हता. तो म्हणाला, “त्याचा आवाज मी बंद केलेला, आये. तो कोकलला असता ना, तर बाबा उठलं असतं.”

“त्यांनीच सांगितला व्हता तुला. मी व्हते ना तवा.”

“मी ऐकला कशाला पन?”

आक्कानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. दिपाली दोघांच्या मध्ये येऊन बसली. भावाला कुठे धरावं ते तिला सुचेना, मग तिनं त्याचा शर्ट मुठीत धरला. हिरामण आपलं सामान घेऊन हळूच निघाला. भंगारवाला आला तेव्हा आक्कानंच त्याला परत पाठवलं.

त्याला आता महिना होईल. मी इथेच आहे. त्या तिघांनी आपापलं एकमेकांना सांगितलं. माझं राहिलं.

त्या सकाळी उपसणं थांबवून दादा फळीवर बसले, तेव्हा त्यांनी डबा बाजूला नीट ठेवला. घाबरलेले नव्हते. दम लागला होता. बंद पडलेल्या माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि माझ्या पाठीवर ओला हात ठेवून म्हणाले, “पंखा मीच जास्ती चालवला रे. आक्का यायच्या आत सुकवू हिला.” मग डोकं माझ्या शेजारच्या खांबाला टेकलं.

त्यांनी ना बटणाचं नाव घेतलं, ना प्रितेशचं. माझंही नाही.

तुम्ही कधी खाडीकडे आलात तर आमच्या पडवीत या आणि आक्काला एवढं सांगा. ती अजून राघोला विचारते. दुपारी ती इथे एकटीच असते.