हात फक्त रस्ता ओलांडताना

मानवजातीची सगळी प्रगती रस्ता सुखरूप ओलांडता येण्यावर अवलंबून आहे, असं रस्ते विभागातल्या इंजिनियर साहेबांचं ठाम मत होतं. ऑफिसात हे मत सगळे उभं राहून ऐकत. घरी ‘मानवजातीची’ इथवर येईपर्यंत कुणीतरी गॅस बंद करायला उठून जाई.

साहेबांना दोन मुलं. थोरला सोळा वर्षांचा. घरच्यांबरोबर बाहेर पडलाच तर तो इतका पुढे चाले, की बघणाऱ्याला वाटावं या माणसांशी याचा काही संबंध नाही. त्याने बापाचा हात नक्की कधी सोडला, हे साहेबांना डोकं खाजवूनही आठवत नसे. सोडताना त्याने काही सांगितलं नव्हतं. एके दिवशी हात रिकामा होता आणि मग त्यात भाजीची पिशवी आली, एवढंच.

धाकटीचं सगळं सांगूनसवरून. अकरावं लागलं आणि पोहण्याच्या क्लासला निघताना तिने नियम जाहीर केला: हात फक्त रस्ता ओलांडताना. फूटपाथवर नाही, क्लासच्या दारात तर मुळीच नाही, मैत्रिणी बघतात. साहेबांनी नियम निमूट मान्य केला. सरकारी नोकरीत हयात गेलेल्या माणसाला नियमांचं वावडं नसतं. त्यातून वाट कशी काढायची, हे त्याला ठाऊक असतं.

त्यांनी खरोखरच वाट बदलली. मोठा रस्ता एकदाच ओलांडला की पलीकडे पोहण्याचा तलाव होता. ते सोडून साहेब लेकीला बाजारातून नेऊ लागले. तिकडून चारदा ओलांडावं लागे. त्यात एकदा तर बँकेसमोर पलीकडे जायचं आणि औषधांच्या दुकानाशी पुन्हा अलीकडे यायचं. हे कशासाठी, असं लेकीने एकदा विचारलंच. पलीकडे सावली असते, असं साहेबांनी सांगितलं. क्लास दिवे लागल्यावर असायचा.

मुलगी रोज उशिरा येते म्हणून शिकवणाऱ्या बाईंनी घरी निरोप धाडला. “रस्त्यांतला माणूस तुम्ही, आणि तुमचीच मुलगी रस्त्यात अडकते होय?” एवढं बोलून बायको कपाटात तोंड घालून बराच वेळ टॉवेल शोधत राहिली. टॉवेल तिच्या खांद्यावर होता.

अशात मोठ्या रस्त्याखालचा भुयारी मार्ग तयार झाला. गल्लीच्या तोंडापासून थेट तलावाच्या फाटकापर्यंत. त्याचा आराखडा खुद्द साहेबांनीच काढला होता, धाकटी कडेवर होती तेव्हा. माझ्या पोरांना हा रस्ता कधी ओलांडावा लागू नये, असं म्हणत त्यांनी मंजुरीसाठी वरिष्ठांचे उंबरे झिजवले होते. सरकारी काम, त्यामुळे ते हवं तेव्हा झालं नाही. नको तेव्हा मात्र बरोब्बर झालं.

उद्घाटनाचा फोटो बघून थोरल्याने अभिनंदन केलं, म्हणाला, आता रस्ता ओलांडायची भानगडच मिटली. साहेबांनी मान डोलावली. चेहरा मात्र बदलीची ऑर्डर हातात पडल्यासारखा होता.

दुसऱ्या दिवशी निघताना बाजारातून साबण घ्यायचाय, असं त्यांनी म्हणून पाहिलं. लेक भुयाराच्या पायऱ्यांशी जाऊन थांबलीसुद्धा होती.

“तूच बांधलंस ना? मग चल की.”

खाली नव्या रंगाचा वास होता. न घसरणाऱ्या फरश्या साहेबांनीच निवडल्या होत्या. दिवे एकूण एक लागत होते. कंत्राटदाराने अंधाराची तेवढीही सोय ठेवली नव्हती. लेक पिशवी खांद्याला अडकवून पुढे चालली होती, अगदी थोरल्यासारखी, लांब ढांगा टाकत. साहेबांनी हात खिशात घातला. त्याचं काहीतरी करायला हवं होतं.

जरा आत गेल्यावर ती थांबली आणि छताकडे बघू लागली.

“बाबा, याच्यावर काय आहे?”

“फूटपाथ.”

ती थोडी पुढे गेली. “आणि इथे?”

वरून बस गेल्याची घरघर आली. “इथून रस्ता सुरू,” साहेब म्हणाले.

“मग?” तिने हात पुढे केला. “ओलांडतोयच ना आपण?”

साहेबांना खिशातून हात काढायला वेळ लागला. तिचा हात आता त्यांच्या मुठीत मावत नव्हता, बोटं बाहेर उरत होती.

“आणि ते बाजारातलं,” ती समोर बघत म्हणाली. “अंधारात कसली रे सावली?”

साहेब नुसतंच “हं” म्हणाले.

“मी कुणाला नाही सांगितलं.”

साहेब इतके सावकाश चालत होते, की मागून काठी टेकत आलेले एक आजोबा त्यांना मागे टाकून गेले. वरचा रस्ता कुठे संपतो, हे साहेबांना इंचासकट ठाऊक होतं. ती जागा मागे पडल्यावर लेकीने विचारलं, संपला का? अजून नाही, असं साहेबांनी खात्याच्या वतीने सांगितलं. तिने वर पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि हात तसाच राहू दिला.

वरच्या पायऱ्यांवर मैत्रिणींचा कलकलाट ऐकू आला.

“आता सोडते हं, बाबा,” ती म्हणाली, आणि मग सोडला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबांनी मोठ्या रस्त्याच्या रुंदीकरणाचा प्रस्ताव वर पाठवला. जागा उपलब्ध नाही, असा शेरा मारून तो परत आला.