राखाडी धूळ

काचघरात शिरताना दाराशी ऍप्रन चढवायचा आणि बाहेर पडताना तो तिथेच उतरवून हात धुवायचे, हा थोरलीचा नियम. धाकटी जाऊ त्यावरून तिची यथेच्छ टिंगल करायची. "जाऊबाईंचे टोमॅटो राजघराण्यातले. आमच्या गुलाबांचा वारा लागला तरी नाक मुरडतील."

थोरलीला ती डोळ्यांसमोर नकोशी व्हायची. धाकटीचं गुलाबांचं काचघर शेजारीच होतं आणि आता तिचा डोळा या काचघरावर होता. सासऱ्यांनी दोघींना एकदाच काय ते सांगून टाकलं होतं. या हंगामात थोरलीचं नवं वाण तगलं तर काचघर तिचं, नाहीतर तिथे गुलाब.

वाण थोरलीनं स्वतः घडवलेलं. जुन्या झाडांची पानं दरवर्षी एक बुरशी खाऊन टाकायची. ती फक्त जिवंत पानावर जगायची. म्हणून थोरलीनं निवडत निवडत असं तापट झाड तयार केलं, की बुरशीचा धागा आत शिरल्याची नुसती चाहूल लागली तरी ते तिच्या भोवतीचा आपला तेवढा तुकडा मारून टाकायचं. मेलेल्या तुकड्यात बुरशी उपाशी मरायची आणि पानावर एक तपकिरी डाग तेवढा उरायचा.

त्यामुळे डाग दिसू लागले तेव्हा थोरली मनातून हरखली. कामाला येणाऱ्या बाईनं डागाळलेली पानं काढायला कात्री घेतली, तर तिनं ती हातातून काढूनच घेतली. "हात लावू नकोस. झाड लढतंय."

धाकटी दारातून डोकावली. "डाग फारच पसरलेत हो, जाऊबाई."

"तू तुझे गुलाब सांभाळ."

"सांभाळतेच आहे. म्हणून तर बाबांना वाटतं, अजून एक काचघर मला झेपेल."

थोरलीनं तिच्या तोंडावर दार लावलं.

पुढे हवा कोंदट झाली, आभाळ हटेना. डाग मोठे होत देठांवर उतरले, तरी थोरलीनं एक पान काढू दिलं नाही. मग एका सकाळी डागांवर राखाडी लव उगवलेली दिसली. तिनं भिंग लावून पाहिलं. ही ती बुरशी नव्हतीच. ही मेलेल्यावर पोसणारी होती. जिवंत भागात विष सोडून ती झाडाला भडकवते, झाड घाबरून आपलंच अंग मारतं आणि ही ते खात पुढे सरकते. थोरलीच्या तापट झाडाला तर मरायला निमित्तच हवं होतं. इतकी वर्षं खपून तिनं शत्रूसाठी ताट वाढून ठेवलं होतं, आणि वर पंगतीला राखणही स्वतःच बसली होती.

सासरे आले, सडलेले देठ पाहिले आणि म्हणाले, "उपटून टाक." एवढं बोलून ते निघून गेले.

धाकटी मागे रेंगाळली. ऍप्रन न घालताच ओळींमधून फिरत ती नजरेनं जागा मोजत होती. "झाड लढतंय म्हणे," ती हसली आणि वाटेत आलेली एक फांदी तिनं मनगटानं झटकली. राखाडी धूळ धुरासारखी उठली आणि तिच्या बाहीवर, केसांवर, बोटांवर बसली.

थोरलीनं ते पाहिलं. या बुरशीला टोमॅटो काय नि गुलाब काय, सारखेच. आणि धाकटीकडे आज छाटणी होती, म्हणजे प्रत्येक फांदीवर ताजी जखम.

"निघते हं. गुलाब खोळंबलेत," धाकटी दाराशी पोचली.

कपडे बदल, हात धू. हे वाक्य थोरलीच्या जिभेवर कायम तयार असायचं, आजही होतं. तिनं ते गिळलं.

"जा," ती म्हणाली. "दार लोटू नकोस, उघडंच राहू दे."