खांबाखाली विचारलेला प्रश्न

“महाराज, तुम्हाला खाली उतरावंसं कधी वाटतं का हो?”

डोम्निकाने मान मागे टाकून ओरडून विचारलं आणि सल्ला विचारायला आलेली अख्खी रांग तिच्याकडे वळून बघायला लागली. शाळेतल्या मैत्रिणींनी पैज लावली होती: वर्षानुवर्षं उंच खांबाच्या माथ्यावरच राहणाऱ्या साधुमहाराजांना एवढं विचारून दाखव, आठवडाभर तुझी मेणाची पाटी आम्ही घासून देऊ. आईने तिला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणीच आलं.

पण तीन तास समुद्राचा वारा खात उभं राहून डोम्निकाचं डोकं उठलं होतं. कॉन्स्टँटिनोपलमध्ये वैद्य होते, वकील होते, पण डोम्निकाच्या घरचं काहीही ठरायचं ते नावेतून इथे येऊन, ह्या खांबाखाली. छप्पर गळायला लागलं, महाराज म्हणाले, “थांबा.” हिवाळाभर घरात मडकी मांडून बसले सगळे. बाबांची दाढ ठणकली, तेव्हाही “थांबा.” दाढ आपली आपण पडली, तर आईने चमत्कार म्हणून गल्लीभर मेणबत्त्या वाटल्या.

आज विचारायचं होतं डोम्निकाच्या लग्नाचं. मुलगा रथांच्या शर्यतीत निळ्या संघासाठी आरडाओरडा करत हिंडणाऱ्या टोळीतला. पुढचे केस भादरलेले, मागचे कमरेपर्यंत सोडलेले. लग्न झालं की शाळा बंद. आईने अंगठीसुद्धा घेऊन ठेवली होती. मग विचारायचं उरलं तरी काय, देव जाणे.

वरच्या कठड्यातून एक दाढी डोकावली. “रोज वाटतं, पोरी. पाय बघ, भोपळ्यासारखे सुजलेत.”

“मग उतरत का नाही?”

“माझ्या मनाने चढलो ना. कुणी ढकलून चढवलं असतं, तर पहिल्याच बर्फात खाली आलो असतो.” मग ते आईकडे वळले. “तुमचं काय, बाई?”

आई इतकी गडबडली की तोंडाला येईल ते बोलून गेली. “ते… छपराचं, महाराज.”

“थांबा,” महाराज म्हणाले आणि कठड्याआड दिसेनासे झाले.

परतीच्या नावेत आईच्या तोंडाचा पट्टा सुटला. “हिच्यामुळे विसरले मी! तीन तास उभी राहिले आणि विचारलं काय, तर छप्पर!”

“तेही गेल्या वर्षीचंच,” बाबा म्हणाले. त्यांचा मासळीचा धंदा आज बुडालाच होता. “आता गुरुवारी परत या. माझं आयुष्य ह्या नावेतच जाणार.”

“अहो, तुम्ही तरी तिला काही बोला.”

“काय बोलू? महाराजांना विचारून सांगतो.”

डोम्निका उभी राहिली. नाव हलली, तसा आईने तिचा झगा गच्च धरला.

“गुरुवारी कुणी यायचं नाही,” ती म्हणाली. “आई, बाबा, माझं ठरलंय. मी त्याच्याशी लग्न करणार नाही. उद्या सकाळी शाळेत जाणार, आणि बाई शिकवतायत तोवर जात राहणार. तरीही मला ढकलून चढवलंत, तर पहिल्या बर्फाला दार उघडं ठेवा. मी परत येईन.”